मोराग कोट धरून उभी राहील

प्रिय शोनाताई,

हे पत्र मी पाठवणार नाही. पाठवलं तर तू ग्लासगोहून फोन करशील, आणि हल्ली तुझा आवाज अगदी आईसारखा येतो.

दर तीन वर्षांनी आपल्या बेटावर बोटीतून बायकांची छाती कॅन्सरसाठी तपासायची गाडी येते. एकवीस वर्षं मी दारोदार फिरून बायकांना तिथे आणते. आधी मीच आत जाते, म्हणजे त्यांची भीती जाते. खरं सांगू? आत मी नर्सबाईंबरोबर चहा पिते आणि बाहेर येताना कोटाची बटणं लावत येते. "बघा, काही दुखत नाही!" सात वेळा हेच केलं. कॅन्सरने झालेले आईचे हाल पाहिल्यापासून त्या यंत्रासमोर उभं राहायची माझी हिंमतच होत नाही.

परवा अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ लागली.

आज गाडी आलीय, आणि गाडीपाशी पोस्टातली मोरागही आली. इतकी वर्षं ती मला दारातूनच हाकलायची. म्हणाली, "एफी, मी गाडीत तुझ्याबरोबरच चढणार. आधी तुझी तपासणी, तोवर मी तुझा कोट धरते. नाहीतर ही मी चालले घरी!"

"आलेच," म्हणून मी इथे गाडीशेजारच्या चर्चच्या हॉलमध्ये येऊन लिहीत बसलेय. ती दारातून ओरडतेय, "अगं, चल की! अख्ख्या गावाला ढकलतेस, आता तुला काय झालं?"

कोटासाठी तिने हात पुढे केलाय. हे पत्र त्याच कोटाच्या खिशात घालतेय.

तुझी भित्री,
एफी