मुडप्याची रेघ

धुळे,
दि. २८ ऑगस्ट १९९९

प्रिय पुष्पा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र गुरुवारी मिळालं. नानांनी वाचून माझ्याकडे दिलं आणि ते दुकानात निघून गेले. जळगावच्या त्या पत्रा कटिंगच्या कारखान्यानं तुला कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढायला बोलावलंय, येत्या शुक्रवारपर्यंत होकार मागितलाय, आणि तू नाही म्हणणार आहेस. कॉलेजच्या ऑफिसातलं टायपिंगच बरं, म्हणतेस. 'माझा हात वाकडा आहे, आई, पुन्हा कुणाचा पत्रा वाया घालवायचा नाही,' हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते देवीला ठाऊक.

इकडे सगळं ठीक आहे. श्रावणातली कानबाई देवी यंदा शेजारच्या सुंदरकाकूंकडे बसली होती. तिच्या नैवेद्याचे रोट आपल्या घरचेही झाले. तू आली नाहीस म्हणून सगळ्या बायका विचारत होत्या. कौतिकमामांच्या घरी तुझी आबाळ होत नाही हे मला माहीत आहे, तरी पुरणाची पोळी ताटात घेतली की मन तिकडं जळगावला जातं. नानांचा गुडघा दुखतो. दुकानात कुलरचं काम संपलं, आता पत्र्याच्या धान्यकोठ्या चालू आहेत. मापं पुन्हा दोरी आणि खडूनंच घेतात. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीतच आहे. तू माझ्या जुन्या पातळाचं शिवलेलं कव्हर मी दर शनिवारी धुते.

कॉम्प्युटर आणला तेव्हा दुकानात लोखंडाची धूळ बसेल म्हणून तू घरात ठेवायला लावलास. नाना म्हणाले, "आता देवघराशेजारी पत्रा कापा!" आणि तू हसत म्हणालीस, "कापायचा जळगावला, इथं नुसता आखायचा." दुपारी मी तांदूळ निवडत तुझ्या मागे बसायचे. आठ बाय चारचा पत्रा त्या काचेवर हातरुमालाएवढा दिसायचा आणि तू त्यात कुलरच्या बाजू, तळ, पाठ अशा बसवायचीस की फट उरायची नाही. मला ते ब्लाउजचं कापड बेतण्यासारखंच वाटायचं. एकदा तू मला माउस धरायला दिलास, रेघ ओढायला शिकवलंस. "शिफ्ट दाबून धर, आई. मग रेघ आडवी नाहीतर उभी, दोनच दिशांना जाते. सोडलीस की हात नेईल तिकडं." मी मान डोलावली. मला वाटलं, नवशिक्यांसाठी असेल. ब्लाउज कापताना मी कधी पट्टी धरली आहे का? नजरेनंच कापते आणि माझी शिवण कधी तिरकी गेली नाही, हा मला मोठा गर्व.

तुझ्या बावीस फ्लॉप्या दुकानातल्या हिलालनं एस.टी.नं जळगावला पत्रा कापायला नेल्या आणि बावीसही वेळा पत्रा बरोबर कापून आला. हे तू विसरलीस. मी विसरले नाही.

तेविसावी दोन वर्षांपूर्वीच्या चैत्रातली. चाळीस पत्र्यांची. ती न्यायच्या आदल्या दिवशी तू मैत्रिणीच्या हळदीला अमळनेरला गेली होतीस. परतायला उशीर झाला आणि हिलाल सकाळी पहिल्या गाडीनं फ्लॉपी घेऊन निघालासुद्धा. चार दिवसांनी माल आला. पहिली बॉडी जोडताना हिलाल ओरडला ते मला घरात ऐकू आलं : "ताई, हाई काय शे? कोपरा बठ्ठा उघडा शे!" सगळा कोपरा उघडाच. एका बाजूचा मुडपा, ती दुमडायची पट्टी, वर एक सूत कमी आणि खाली दोन. चाळीसच्या चाळीस तशाच. ऐन उन्हाळ्याचं गिऱ्हाईक, नाना दुकानाच्या पायरीवर उभे, समोर चार माणसं. म्हणाले, "पोरीच्या हातात दिलं ना, हे असं होणार. हात वाकडा तर रेघ वाकडी." तू एवढंच म्हणालीस, "नाना, मी शिफ्ट दाबली होती." दुसऱ्यांदा म्हणाली नाहीस. आषाढात तू मामांकडे गेलीस ती आजपर्यंत.

पुष्पा, तू दाबली होतीस.

तू अमळनेरला गेलीस त्या दुपारी मी कॉम्प्युटरवरची धूळ पुसायला गेले. तू चालूच ठेवून गेली होतीस. काचेवर तो पत्रा होता आणि कडेला अंगठ्याएवढी पट्टी वाया जात होती. माझ्यानं बघवेना. शेजारच्या बाजूला मुडप्यासाठी तू केवढी जागा सोडली होतीस! मला वाटलं, शिवणीचा दाब आपण एवढा कुठं सोडतो? थोडा कमी केला तर कडेला जाळीची एक पट्टी निघेल. मी ती रेघ पुसली आणि एक सूत आत नवी ओढली. नजरेनं. शिफ्ट दाबली नाही. मला ती सरळ दिसली गं, अगदी सरळ. नंतर कॉम्प्युटरनं इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी बाण 'यस'वर नेऊन दाबलं. फ्लॉपी तशीच आत होती, माझी रेघ तिच्यावर गेली. तू आल्यावर खुशीत सांगणार होते, पण तू दमून आलीस, जेवून झोपलीस.

माल आला त्या दिवशी मला कळलं नव्हतं. देवाशपथ सांगते. दहा-बारा दिवसांनी तू तेच ड्रॉइंग उघडून रडत बसलीस, ती रेघ मोठी करून पाहिलीस, तेव्हा काचेवर ती तिरकी, जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांची दिसली. तू म्हणालीस, "ही माझी कशी असेल?" आणि मी चहा टाकायला आत गेले. चहा ठेवून परत आले असते तरी चाललं असतं. मी नाही आले. घरातल्या बाईनं मशीनला हात लावला म्हणून नाना काय म्हणतील, त्या चार माणसांत माझं काय हसं होईल, एवढाच विचार केला. तुझं काय होतंय, तो विचार उद्यावर टाकला. असे दोन वर्षांचे उद्या झाले. एकवीरादेवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर बसून मी तिला सगळं सांगितलं. तिला सांगणं सोपं होतं, ती गावात कुणाला सांगत नाही.

फोनवर सांगितलं असतं, पण बूथवर नाना शेजारी उभे असतात. आता हे पत्र मी आधी पोस्टाच्या पेटीत टाकणार आहे आणि मग दुकानात जाऊन, हिलालच्या समोर, नानांना सांगणार आहे. उलट क्रमानं करायला गेले तर घरातून पाय निघणार नाही, हे मला माझं माहीत आहे. ते रागावतील. रागावू देत. तू मला रागावलीस तरी तुझा हक्क आहे, आणि पोळ्याला घरी येणार नसशील तर तेही मी ऐकून घेईन. तुला ती नोकरी नको असेल तर नाही म्हण, पण तुझ्या स्वतःच्या कारणासाठी म्हण. माझ्या चुकीसाठी म्हणू नकोस.

तुझीच,
आई