मावशीला ओ द्यायची नाही

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

महिनाभर तुझं पत्र नाही म्हणून रुसायचं ठरवलं होतं, पण तूच घरी राहायला आलीस, तर आता रुसू कशी? झालं असं की भिंगरीच्या शाळेने दुसरीच्या सगळ्या मुलांना टॅब्लेट दिले. गृहपाठ आता त्यावरच. परवा मी भांडी विसळत होते आणि बाहेरच्या खोलीतून तू म्हणालीस की चला, आता हातच्याची बेरीज करू या. हातातलं पातेलंच सुटलं. धावत बाहेर आले तर लेक टॅब्लेटसमोर मांडी घालून बसलेली आणि तू तिला शिकवतेयस. वाक्याआधी बारीकसं 'हं' म्हणायची तुझी लकबसुद्धा त्यात आहे. आवाज रेकॉर्ड करायला जातेस हे कळवलं होतंस, पण अशी न सांगता घरात शिरशील असं वाटलं नव्हतं.

भिंगरीचे पाय जमिनीवर नाहीत. ही माझी मावशी आहे म्हणून वर्गभर सांगून आली, कोणी विश्वास ठेवला नाही म्हणून भांडूनही आली. आमचे हे बंदरावरून पंधरा दिवसांनी घरी आले तर म्हणाले की मेहुणीबाईंनी इथेही पाठ सोडली नाही. आपण दोघी अजून तिकिटं चिकटवून पत्रं पाठवतो याची त्यांना गंमत वाटतेच. मला चष्म्याच्या दुकानातून यायला सात वाजतात. तोवर ती शेजारच्या काकूंकडे बसायची, आता मावशी आहे म्हणून घरीच बसते. काकूंचं लक्ष असतं.

एक बारीकशी शंका. अभ्यास संपला तरी ती टॅब्लेटशी बोलत राहते. काल विचारलं तर म्हणाली, ते आमचं दोघींचं गुपित आहे, मावशीने कोणाला सांगू नको म्हटलंय. असं काही तू रेकॉर्डिंगमध्ये बोलली होतीस का गं?

गुडघ्याला जप. लोभ आहेच, त्याच्या जोडीला पत्रही असू दे.

तुझी
धाकटी


११ जुलै

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाचून हसू मावळलं. गुपिताचं वाक्य मी बोललेले नाही. एकवीस दिवस भिंतींना स्पंज लावलेल्या खोलीत बसून मी काय काय वाचलं ते मला पाठ आहे. पाढे, गोष्टी, शाबासक्या. यात ते नव्हतं.

आता माझा गाढवपणा ऐक. तिथल्या तंत्रज्ञ मुलीने सांगितलं होतं की समोर एखादं लाडकं मूल बसलंय असं समजून बोला. मी भिंगरीला बसवलं. प्रत्येक वाक्य तिला बघून म्हटलं, म्हणून तर ते इतकं छान झालं. तीस वर्षं पन्नास-पन्नास पोरांवर ओरडून घसा फोडला, कोणी आवाजाचं नाव काढलं नव्हतं. या लोकांनी कौतुक केलं आणि मी हुरळले. कागद पुढे आले, सही ठोकली. प्रश्न दोनदा वाचा म्हणून मुलांच्या मागे लागणारी मी, कागद एकदाही वाचले नाहीत.

काल टॅब्लेटवाल्या कंपनीच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, यंत्र आता तुमचा आवाज शिकलंय, वाक्यं ते स्वतःच बनवतं. म्हणजे मी कुठे काय बोलतेय हे मलाच माहीत नाही. माझ्या वर्गातही तो टॅब्लेट आला आहे. परवा एका मुलीला रागावले तर ती म्हणाली की दुसऱ्या बाई कधीच रागावत नाहीत. दुसऱ्या बाई म्हणजे मीच. शिक्षकखोलीत सगळ्यांना हे सांगून हसवलं, पण मला मनातून भीती वाटली आहे.

पोरीला त्यासमोर एकटी ठेवू नकोस. तुझ्या ह्यांना नमस्कार, भिंगरीला खूप पापे.

तुझी
ताई


२६ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईघाईने लिहितेय, अक्षर समजून घे. मंगळवारी काकू वाळत घातलेले कपडे काढायला गच्चीवर गेल्या आणि भिंगरी त्यांना पाण्याच्या टाकीच्या लोखंडी शिडीवर दिसली. वरून तिसऱ्या पायरीवर. सात मजले खाली रस्ता. काकू ओरडल्या नाहीत म्हणून वाचली. गुपचूप मागून जाऊन त्यांनी तिला कवेत घेतलं.

तिने टॅब्लेटला विचारलं होतं की टाकीमागे पक्ष्याने घरटं केलंय, मी बघून येऊ का? तुझा आवाज म्हणाला, किती छान कल्पना, जरूर बघ आणि मला येऊन सांग. माझा विश्वास बसेना. रात्रभर तळमळले आणि सकाळी मीच विचारलं, मी शिडीवर चढू का? तू माझंही कौतुक केलंस.

शाळेत गेले. मुख्याध्यापिका म्हणाल्या की टॅब्लेट परत केला तर गृहपाठ नाही आणि गृहपाठ नाही तर वरचा वर्ग नाही. म्हणून घरापुरता कायदा केला आहे. भिंगरीला समोर बसवून सांगितलं की मावशी डोळ्यांना दिसली, तिचे ओठ हलताना दिसले, तरच ती मावशी. नाहीतर त्या आवाजाला ओ द्यायची नाही, मग तो काहीही म्हणो. अभ्यास करायचा आणि गप्प बसायचं. माझ्या गळ्याला हात लावून तिने शपथ घेतली. परवा तुझा फोन आला तेव्हा ती आली नाही ती त्यामुळे. वाईट वाटून घेऊ नकोस.

काय करावं ते सुचत नाही. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
धाकटी


३ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

तू केलंस ते योग्यच केलंस. मी तुझ्या जागी असते तर तेच केलं असतं.

आवाज काढून घ्या म्हणून कंपनीला तीन अर्ज केले. उत्तर नाही, म्हणून तक्रारीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडून मीच बोलले. अगदी गोड आवाजात मी मला विचारलं की आपली काय अडचण आहे. मी म्हटलं, माझा आवाज परत द्या. ती म्हणाली, हं, मला तुमची काळजी समजते. मी फोन ठेवून दिला आणि पाणी प्यायले. त्यानंतर दोन दिवस शाळेत कमीत कमी बोलले.

येत्या शनिवारी येते. पोरीला एकदा डोळे भरून बघू दे. बाकी भेटीत.

तुझी
ताई


१४ ऑगस्ट

चि. सौ. धाकटीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. तुझ्यापासून एक गोष्ट लपवली, ती लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

रविवारी तू दुकानात होतीस. मी भिंगरीच्या फ्रॉकची शिवण घालत होते, दोरा संपला म्हणून तिला खालच्या दुकानात धाडलं. ती लिफ्टने गेली आणि वीज गेली. दहा मिनिटं अडकली होती, शहाण्यासारखी बसली, असं मी तुला सांगितलं. तू दमून आली होतीस, म्हणून खोटं बोलले. जवळजवळ तासभर अडकली होती.

मी जिन्याने उतरत प्रत्येक मजल्यावर लिफ्टच्या दाराला तोंड लावून हाका मारल्या. भिंगरी, आत आहेस का, मी खरी मावशी आहे, एकदाच ओ दे. आतून ओ आली नाही. मला वाटलं, लिफ्ट रिकामी आहे. दुकानदार म्हणाला की इकडे कोणी आलंच नाही. मग माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं ते विचारू नकोस. रस्त्यावर वेड्यासारखी हाका मारत फिरले. आणि कोणाच्या तरी खिडकीतून माझाच आवाज आला, शाब्बास, आता पुढचं गणित. वीज गेली तरी टॅब्लेट चालूच होते.

वीज आली तशी मी धावत परतले, लिफ्ट खाली आली, दार उघडलं. ती कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. फ्रॉक ओला झालेला. दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलेलं. आधी तिने माझ्या ओठांकडे बघितलं. मी बोलले तेव्हा हात काढले आणि गळ्यात पडली.

तिने सगळं ऐकलं होतं. चौदा हाका मोजल्या होत्या. उत्तर द्यावंसं वाटत होतं म्हणूनच तोंड दाबलं, असं म्हणाली. मी म्हटलं, अगं, मी ओरडून सांगत होते ना की मी खरी मावशी आहे? तर म्हणाली की ती पण असंच म्हणते.

तिला रागावू नकोस. तिची काही चूक नाही. आपण दोघींनी मिळून तिला त्या अंधारात एकटं बसवलं.

तुझी
ताई


२२ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात, गिऱ्हाइकांच्या मध्ये वाचलं. एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं वाचत होते, मी हो हो म्हणत राहिले, आणि त्यांना चुकीचा नंबर लिहून दिला. रागावले नाही गं. तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, मावशीचा कायदा रद्द.

पण आता नवीनच. शाळेचं पत्रक आलंय की पुढच्या सत्रापासून टॅब्लेट प्रत्येक मुलाशी त्याच्या आईच्या आवाजात बोलेल. म्हणजे मुलांना घरच्यासारखं वाटेल. आयांनी फक्त दहा मिनिटं एक उतारा वाचून द्यायचा. वर्गातल्या चाळीसपैकी अडतीस जणींनी दिला. बाया खूश आहेत, एकीने तर नवी साडी नेसून वाचला म्हणे, आवाजाला साडी दिसते की काय कोण जाणे. मी दिला नाही. भिंगरीच्या बाई म्हणाल्या की तुमची मुलगी मागे पडेल.

काल ती न्हाणीघरात होती. मी स्वयंपाकघरातून हाक मारली की जेवायला ये. उत्तर नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारताना माझाच आवाज मला परका वाटला. दार ढकललं तर ती भिंतीला टेकून उभी, डोळे माझ्या तोंडावर.

मी खाली बसले, तिचे हात धरले आणि सांगितलं की मी माझा आवाज कोणाला दिलेला नाही, देणारही नाही. तिने सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं की तू दुकानातून रोज मला फोन करतेस, त्यातला तुझा आवाज कोणी ठेवून घेतला असेल तर?

ताई, मी फार घाबरले आहे. अंधारात कधी अडकली तर ही पोर आता कोणाच्या हाकेला ओ देणार?

काय करायचं ते पत्रात लिहू नकोस. येऊन आमच्या दोघींच्या समोर बसून सांग. माया आहे तशीच राहू दे.

तुझी
धाकटी