क्लॅरिनेट होतं

प्रिय मास्तर,

शाळेतली पोरं तुला घाबरत नसतील एवढा मी हे पत्र लिहिताना घाबरतोय. दोन वर्षं झाली, तू आमचा जिना चढला नाहीस. चूक माझी होती. एवढं एक वाक्य लिहायला मला तीन दिवस आणि हिचे चार टोमणे लागले.

रविवारची बैठक अजून भरते, म्हणजे कंपाउंडर येतो. आपल्या आवडीची रेकॉर्ड आणतो, दुसऱ्या गाण्याला घोरायला लागतो आणि बाजू संपली की डोळे न उघडता ‘वा!’ म्हणतो. त्याच्याशी भांडणार काय, कपाळ! तू असतास तर एकेका ओळीवरून चहा गार होईपर्यंत जुंपली असती. ही म्हणते, मास्तर गेल्यापासून घरात गाणी वाजतात, पण कुणी ऐकत नाही. तिचं खरं आहे.

त्या दिवशी तू निळ्या कव्हरची रेकॉर्ड आणली होतीस. शेवटच्या गाण्यात मागे हळूच क्लॅरिनेट वाजतं, असं तू म्हणालास. मी चारचौघांत तुला थापाड्या म्हणालो, वर क्लॅरिनेट तुझ्या डोक्यात वाजतंय म्हणून हसलोही. तू रेकॉर्ड काखोटीला मारलीस आणि चपला घातल्यास. तुला खोटं पाडायचंच म्हणून मी तीच रेकॉर्ड हुडकून आणली. वीसेक वेळा ऐकली. क्लॅरिनेटचा पत्ता नाही! मग काय, माझी मान आणखीच ताठ झाली.

गेल्या महिन्यात हिने झाडलोट करताना स्पीकरच्या वायरी काढल्या आणि परत लावताना डाव्याची उजव्याला लावली. मी नेहमीसारखा उजव्या स्पीकरला खेटून बसलो, तर शेवटच्या गाण्यात ते आलं. इतकं हळू, इतकं गोड. मी ताडकन उठलो. हिला हाक मारली, तर ही स्वयंपाकघरातूनच म्हणाली की क्लॅरिनेट पहिल्यापासून आहे, तिला रोज ऐकू येतं. मग आधी का नाही बोललीस, असं विचारलं. तर म्हणे, तुम्ही मला कधी विचारलंत? मास्तर, मी खुर्चीत बसून रडलो रे. तुझं खरं होतं म्हणून नव्हे. तू जाताना माझ्याकडे एकदा बघितलं होतंस, ते आठवलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. छापखान्यात एकतीस वर्षं मशीन माझ्या डाव्या हाताला धडधडत होतं. डावा कान कधीचाच गेलाय, मला कळलंही नाही; आणि ते क्लॅरिनेट नेमकं डाव्या स्पीकरमधूनच वाजायचं. वर्षानुवर्षं खुर्ची उजवीकडे सरकवत राहिलो आणि तिकडचा आवाज चांगला, असं सगळ्यांना सांगत राहिलो. आणि आता उजवाही त्याच वाटेवर आहे. डॉक्टर म्हणाले, गाणं गाण्यासारखं ऐकू येईल असं वर्षभर, फार तर दीड. कीव करून येणार असशील तर येऊ नकोस. पण मला हे उरलेले रविवार कंपाउंडरच्या घोरण्यात घालवायचे नाहीत, तुझ्याबरोबर ऐकायचे आहेत. ये. आणि पुढे कधी मला काहीच ऐकू आलं नाही, तर शेजारी बसून काय वाजतंय ते सांग. तू सांगशील ते वाजतंय, असं मी मानीन.

तुझाच, हट्टी आणि आता अर्धा बहिरा,
छापखानेवाला