दारावरचा कडुलिंब

जोगेश्वरी, मे १९७४

आरोग्य खात्याच्या मोठ्या साहेबांस,

साहेब, आमच्या दारावरचा कडुलिंबाचा डहाळा मीच लावला. घरात कुणालाही देवी आलेल्या नाहीत. माझ्या नणंदबाई मालवणहून दोन दिवसांसाठी म्हणून आल्या, त्या शिमग्यापासून इथेच आहेत. त्या बाजारात गेल्या तेव्हा मला वाटलं, डहाळा बघून दारातूनच हात जोडतील आणि गावची गाडी पकडतील.

पण वन्सं सरळ आत आल्या. म्हणाल्या, "वयनी, देवीची सेवा तुका जमाची नाय. मी रवतंय."

त्यांच्या मागोमाग तुमची टोचणारी माणसं आली. त्यांनाही डहाळाच दिसला. ह्यांच्या पाठीवर नुसतं घामोळं हो! पण डॉक्टर म्हणाले, तपासणीचा निकाल येईपर्यंत कुणी उंबरा ओलांडायचा नाही. दारात पहारेकरी बसवला आणि अख्खी चाळ टोचून काढली. शेजारची पर्पेच्युआ संडासात लपली होती, तिलाही बाहेर काढून टोचलं. आता ती दंड चोळत माझ्या खिडकीकडे बघत बसते.

इकडे वन्सं मी घासलेली भांडी परत घासतात आणि पहारेकऱ्याला सोलकढी पाजतात. साहेब, मला खुशाल तुरुंगात टाका, पण वन्संना बाहेर सोडा.

आपली, घरातच अडकलेली,
नलिनी

ता. क. निकाल आला, घामोळंच निघालं. पहारा उठला, त्यामुळे हे पत्र आता टाकत नाही. भाऊ वाचला म्हणून वन्संनी देवीला नवस बोललाय. तो इथेच, गणपतीत फेडायचा आहे.