शेठ म्हणाले, नाव सांगू नको

अकोला, शुक्रवार, जून १९६२

नोकरी लागली. पहिलीच. तरी जेवण गेलं नाही.

लोकांच्या घरी जाऊन बिघडलेले रेडिओ दुरुस्त करायचे. दुकानाचे मालक युसूफशेठ यांनी एक मुका सेट पुढे ठेवला. मी तो बोलता केला, तसे लगेच म्हणाले, "उद्यापासून ये. पण कोणी नाव विचारलं तर दुकानाचं सांगजो."

दुकानाचं काहून? माझं का नाही? आम्ही बौद्ध झालो, तरी आडनावावरून जात ओळखणारे गावात कमी नाहीत. शेठला गिऱ्हाईक तुटायची भीती असेल. की सगळ्याच कारागिरांना असं सांगतात? आई म्हणते, "लागली ना नोकरी? मंग काहून उकरून राहिला?"

राहवेना. संध्याकाळी परत गेलो आणि विचारलंच. शेठ दुकानाच्या फळ्या लावत होते. म्हणाले, "मागच्या मेकॅनिकले एका वकिलानं नाव ऐकून दारातूनच हाकललं. तुयासारखाच पोरगा होता. तुले तसं होऊ नये म्हणून बोललो."

खरं की सारवासारव? चेहऱ्यावरून कळेना.

म्हटलं, "मी माझंच नाव सांगीन. चालत नसन तर आत्ताच सांगा."

शेठ फळी धरून थांबले. "सांग. पण पयले सेट चालू कर, मंग सांग."

"नाही शेठ. पयले नाव."

त्यांनी हातातली फळी भिंतीला टेकवली. आत गेले आणि हत्यारांची पेटी आणून माझ्या हातात दिली.

शेठवर भरवसा अजून बसलेला नाही. पण उद्या कामावर जाणार.