सोनं निळं व्हावं म्हणून

२६ सप्टें. ०६, मंगळ., धारवाड
सोन्याचं द्रावण जमलं एकदाचं! कोकमाच्या सरबतासारखं तांबडं. हे सोनं आहे हे बघणाऱ्याला पटत नाही, कणच इतके बारीक. टायफॉइडच्या रोग्याच्या रक्तातला, क्षार काढून घेतलेला द्रव पडला की कण एकमेकांना चिकटणार, रंग निळसर होणार, किती झाला ते प्रकाशयंत्र सांगणार. इथे बनवलेल्या नमुन्यांवर चालतं. सर म्हणाले, "नोडोण, बघू! खऱ्या रोग्याच्या रक्तावर चालू दे. दिवाळीपर्यंत नाही झालं तर प्रबंधाचा विषय बदलू."
विषय बदलू म्हणे. सांगायला काय जातं.

२८, गुरु.
हुबळीच्या दवाखान्यातून नमुना आला. तापाच्या दुसऱ्याच दिवसाचा. फ्रीजमध्ये ठेवताना अक्का आठवली, माझी थोरली बहीण. '९४ साली तिचं रक्त घेऊन अप्पा अळणावरहून पॅसेंजरनं हुबळीला गेले होते. टायफॉइड असल्याचा रिपोर्ट हातात पडायच्या आत ती गेली.
लाकूड डेपोच्या मागे ओंडक्यांवर बसून आम्ही करवंदं खायचो. ओल्या सागाचा वास. वाटे ती करायची, मोठा वाटा स्वतःला. दांडगट होती! फार आठवण येते, अजूनही.

३०, शनि.
उद्या खंडेनवमीची सुट्टी, म्हणून विभागात आजच आयुधपूजा. आई आलीय गावाहून. यंत्राला झेंडूचा हार, कुंकू. नारळ आईनं फोडला आणि आमच्या घरच्या रीतीनं त्याचं पाणी फुलानं सगळ्यांवर शिंपडलं. सोन्याच्या भांड्यावरचं झाकण तर सरांनीच काढलं. "ह्याच्यावरपण शिंपडा अव्वा, हेच आमचं खरं आयुध."
आम्ही सगळ्यांनी भक्तिभावानं हात जोडले.

३ ऑक्टो., मंगळ.
द्रावण आपोआप निळं, तळाला काळा गाळ. नारळपाण्यातले क्षार! क्षारानंही कण चिकटतात, हे सर स्वतःच वर्गात शिकवतात. आधी लालबुंद झाले, मग हसत सुटले. मला हसू येईना. द्रावणासाठी लागणारं सोन्याचं मीठ एका घाण्यापुरतं उरलंय. नवीन यायला दिवाळी उलटेल.
संध्याकाळी खोलीवर आई: "माझ्याच हातानं नासलं व्हय गं?"
नाही म्हटलं. मग भाकरी थापता थापता, "तवा ह्ये असतं, तर अक्का ऱ्हायली असती?"
मी भाजी ढवळत राहिले.

४, बुध.
आईला सकाळच्या गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "झालं की कळीव." काय झालं की, ते बोलली नाही.

६, शुक्र.
शेवटचा घाणा. स्वच्छ तांबडा. दुपारी रोग्याचा नमुना टाकला. बराच वेळ काही नाही. मग निळसर झाक आली... मला तरी दिसली. सर म्हणाले, "मला तांबडंच दिसतंय गं." यंत्रात ठेवायला गेलो तर वीज गेली. सर चहाला गेलेत. कुपी खिडकीत ठेवून लिहितेय.
हे चाललं तरी अक्का परत येत नाही, कळतं मला. तरी चालायला हवंय, जीव तुटतोय नुसता. आणि चाललं तर आईला सांगावं लागेल, हो, राहिली असती. ते कसं सांगायचं?
वीज अजून नाही.