दोघी बहिणी उभ्या राहा

मास्तर,

परवा आमच्या शाळेत तपासणीला डेप्युटी येऊन गेले. हल्लीच्या डेप्युटींच्या डोक्यावर फेटा नाही, खादीचा कोट आणि पायात साध्या चपला. पण दारातून आत येताना मुलांवरून जी नजर फिरली ती जुनीच होती, मेंढ्या मोजणाऱ्याची. मी खुर्चीच्या मागे उभी होते, तुम्ही उभे राहत होता तशी. जाताना ते म्हणाले, "बाई, तुमचा पट आणि वर्गातली डोकी जुळतात. असं फार ठिकाणी दिसत नाही." मी मान हलवली. मुलांना सोडून दिलं आणि रिकाम्या वर्गात बसून राहिले. तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. त्या दिवसाबद्दल आपण एकदाच बोललो, आणि तेही अर्धंच.

आपली शाळा मिठाच्या जुन्या कोठारात भरायची. मीठ कधीच हललं होतं, पण भिंतींनी ते सोडलं नव्हतं. पावसाळा सरला की लोणा फुटून त्या पांढऱ्या होत. तुम्ही केरसुणीनं झाडायचात, दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा पांढऱ्या. खिडकी नव्हती. एक दार पुढं, एक मागं. दुपारी पुढच्या दारातून मिठागराचा उजेड आत घुसे आणि दारात उभ्या माणसाचं तोंड दिसत नसे, नुसता आकार दिसे. आम्ही तरटावर बसून त्या आकारावरून ओळखायचो, कोणाची आई आली ते. त्या वर्षी शाळा चालवणाऱ्या बोर्डाला खर्च कमी करायचा होता. लहान शाळा बंद करायच्या असं ठरलं होतं. पट भरला तर आपली शाळा राहणार, एक मूल जरी कमी पडलं तर जाणार. तुम्ही हे आमच्यापासून लपवलं नाहीत, वर्गात उभं राहून सांगितलंत. शाळा गेल्यावर आम्ही कुठं जाणार हे सांगायची गरज नव्हती. दारातून दिसतच होतं. बाया डोक्यावर मिठाच्या टोपल्या घेऊन बांधावरून चालत होत्या.

माझी बहीण दिवाळीच्या आधी तापानं गेली. पहिलीत होती. माझ्याहून दीड वर्षानं लहान, पण मी लुकडी असल्यामुळं आम्ही जवळजवळ सारख्याच दिसायचो. बाबा मिठाच्या गलबतावर होते, त्यांना महिन्यानं कळलं. तुम्ही घरी आलात आणि उंबऱ्यावर बसलात. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. मग तुम्ही म्हणालात, "डेप्युटींची परीक्षा होईपर्यंत तिचं नाव पटावरून कापत नाही. एकच मूल कमी पडतंय." आईनं भाकरी उलटली. "नका कापू," ती म्हणाली. "शालेत गेलीय असंच धरतंय मी." तुम्ही म्हणालात, "परीक्षेपर्यंतच हं." आई म्हणाली, "बरं." मला ते बरं नीट आठवतं. माणूस अगदी किरकोळ गोष्टीला म्हणतो तसं ते होतं.

परीक्षेपुरती शेजारच्या गावातली मुलं उसनी आणायची रीत तेव्हा सगळीकडेच होती. नवघरची पोरं मुर्ध्यात बसत, मुर्ध्याची आणखी कुठं. डेप्युटींना ते ठाऊक होतं. म्हणून ते आसपासच्या गावांच्या परीक्षा एकाच आठवड्यात घेत आणि चेहरे लक्षात ठेवत. तुम्ही बाहेरचं कोणी आणलं नाहीत. परीक्षा इयत्तेवार व्हायची. पहिलीची मुलं आत, बाकीची मागच्या पडवीत. पहिली संपली की मागच्या दारानं बाहेर, मग दुसरी, मग तिसरी. मी तिसरीत होते. पहिलीबरोबर आत जाऊन बहीण व्हायचं, बाहेर येऊन कपडे बदलायचे आणि तिसरीबरोबर पुन्हा मी व्हायचं. तालमीला तुम्ही तिचं नाव पुकारलंत आणि मला रडू आलं. तुम्ही कधी कोणाला मारलं नाहीत. त्या दिवशी मात्र छडी टेबलावर आपटलीत आणि हळू आवाजात म्हणालात, "आत असेपर्यंत तू ती आहेस. तू नाहीसच. समजलं?" मी हो म्हटलं. मला खरोखरच समजलं होतं.

परीक्षेच्या सकाळी आईनं मला तिचा परकर-पोलका घातला. पोलका काखेत आवळत होता. तिच्यासारख्या दोन वेण्या घालून वर बांधल्या. मग मला दाराकडे वळवून ती बघत राहिली. "सर्दी झालीय का गो तुला?" तिनं विचारलं. मला सर्दी नव्हती. बहिणीचं नाक नेहमी वाहायचं. मी नाक ओढलं आणि आईनं पदरानं ते पुसलं.

डेप्युटी साहेब भाईंदर स्टेशनवरून बैलगाडीनं आले होते. पायातले बूट पांढरे झाले होते आणि ते सारखे त्याकडे बघत होते. नाव पुकारलं, मी हजर म्हटलं, बारीक आवाजात, तिच्यासारखं. पुस्तक वाचलं, चुकतमाकत, तेही तिच्यासारखं. मग त्यांनी पुस्तक मिटलं आणि सहज विचारलं, "भावंडं किती गं तुला?" हे आपण तालमीत घेतलं नव्हतं. तुम्ही खुर्चीमागे होता, मी तुमच्याकडे पाहिलं नाही. मी म्हणाले, "एक बहीण होती. ती ताप येऊन मेली." "अरेरे. मोठी का धाकटी?" मी ती होते, मी नव्हतेच. दोघींतली एक मेली होती हे खरं होतं, आणि जी समोर उभी आहे ती मेलेली कशी असेल? मी म्हणाले, "मोठी."

बाहेर पडवीत मी कपडे बदलत होते तेव्हा हाताला बटण सापडेना. पोरं दबक्या आवाजात हसत होती. सगळ्यांनी ऐकलं होतं. आमच्या वर्गातला एक जण म्हणाला, "आता आत कोन जातंय? जिती का मेलेली?" दुसरी म्हणाली, "सरक रे, तिच्या अंगाला लागू नको." तिसरीला आत बोलावलं. साहेबांनी माझं नाव वाचलं, मग बापाचं नाव वाचलं आणि थांबले. मी हजर म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पहिलीत तुझी बहीण आहे?"

"हो."

"ती म्हणते तू वारलीस."

बाहेर मिठावर फळी ओढल्याचा आवाज ऐकू येत होता. साहेब तुमच्याकडे वळले. "मास्तर, तुमच्या शाळेत नेमकं कोण मेलंय?"

तुम्ही म्हणालात, "पोरी आहेत साहेब. सकाळी पाटीवरून भांडल्या. भांडण झालं की एकमेकींना मारून मोकळ्या होतात."

साहेब हसले. नुसते तोंडानं हसले. त्यांनी शेरा लिहिला, सही केली आणि उठताना म्हणाले, "पुढच्या वर्षी मात्र दोघींना शेजारी शेजारी उभ्या करा. मला बघायच्यात." तुम्ही पाणी पुढं केलंत. त्यांनी भांडं हातात घेतलं, आत पाहिलं आणि न पिता खाली ठेवलं. शाळा राहिली. संध्याकाळी तुम्ही माझ्या हातावर गुळाचे दोन खडे ठेवलेत, एक मला, एक तिला. मी माझा खाल्ला. तिचा आईनं कोनाड्यात ठेवला. आमच्या घरात गुळाला मुंग्या लागायला घटका पुरत नसे. त्या खड्याला लागल्या नाहीत.

जूनमध्ये नवी मुलं आली, पट भरला. तुम्हाला वाटलं, सुटलो. पुन्हा उंबऱ्यावर येऊन बसलात. "आता तिचं नाव काढतो," तुम्ही म्हणालात. आई चुलीपासून उठली. "सायबानं तिला इचारलं ना?" "विचारलं." "ती बोलली ना? पास केली ना तिला? दुसरीत घातली?" "अहो, पण ते..." "मंग? सरकार बोलतं ती हाय, आनि तुम्ही न्हाय बोलता? तुम्ही कोन?" तुम्ही उंबऱ्यावरून उठलात. काय बोलणार होता? नाव काढायचं तर कारण लिहायला हवं होतं. मेली ती दिवाळीआधी आणि पास झाली ती माघात. खरं लिहिलं असतं तर तुमची नोकरी गेली असती आणि मागोमाग शाळा. खोटं कारण लिहिलं असतं तर आईनं ते चालू दिलं नसतं.

मग ते वर्ष आलं. तुम्ही रोज सकाळी दुसरीच्या नावांत तिचं नाव घेता. कोणी हजर म्हणत नाही. तुम्ही एक श्वास थांबता आणि पुढचं नाव घेता. तरटावर तिची जागा आहे, तिथं कोणी बसत नाही. कोणी सांगितलेलं नाही. नवी मुलंसुद्धा पहिल्याच दिवशी त्या जागेला वळसा घालून जातात. आई माझ्याबरोबर दोघींची भाकरी देते. मी दोन्ही खाते, कारण परत नेली तर ती विचारते, "जेवली का न्हाय ती?" मी अंगानं भरले. संध्याकाळी बांधावरून घरी जाताना मला घाई करता येत नाही. मागं कोणी नसतं, तरी मी लहान मुलाच्या चालीनं चालते. याच वर्षात कधीतरी तिचा आवाज माझ्या कानातून गेला. आठवायला गेले की मी काढलेला आवाज येतो, साहेबांपुढं काढलेला. तो अजून येतो.

माघ जवळ आला तसे तुम्ही वाळत गेलात. मुर्ध्यातली एक मुलगी आणावी असं तुमच्या मनात आलं. तुम्ही आईला ते विचारलंत, विचारायला नको होतं. ती म्हणाली, "माझ्या पोरीच्या जागी दुसरी बसवलीत तर मीच सायबाला सांगीन." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली. परीक्षेच्या सकाळी मी सगळ्यात आधी शाळेत आले. तुम्ही दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून बसला होता. तुमची पत्र्याची ट्रंक बांधून दाराशी ठेवलेली होती. तुम्ही मला म्हणालात, "आज काही करायचं नाही. विचारलं तर खरं सांग." आणि मग, "खरं म्हणजे जे आठवेल ते."

तेच साहेब आले. या खेपेला त्यांनी इयत्तेवार घेतलं नाही, सगळ्यांना एकदम आत बसवलं. मागच्या दाराला कडी घालायला सांगितली. नावं वाचली. तिचं नाव आलं आणि कोणी हजर म्हटलं नाही, तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटच्या नावानंतर चष्मा काढून पुसला. "मागच्या वर्षी मी दोन बहिणींबद्दल बोललो होतो. दोघी बहिणी उभ्या राहा."

मी उभी राहिले. पुढच्या दारात एक आकार आला, मी ओळखला, आई होती. तिच्यामुळं उजेड अडला आणि कोठारात जरा अंधारलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या शेजारी पाहिलं, माझ्या खांद्याच्या थोडं खाली. तिथं ते माझ्याहून जास्त वेळ बघत राहिले. तुम्ही खुर्चीची पाठ धरली होती.

"धाकटी वाढली की," साहेब म्हणाले. "आता मोठीला गाठणार." मग चष्मा नीट करून म्हणाले, "ठीक. बसा दोघी."

दारातला आकार हलला आणि उजेड पुन्हा आत आला. आई गेली होती. त्या दिवसापासून तिनं दुसरी भाकरी दिली नाही, बहिणीचं नाव घेतलं नाही, आणि तुम्ही नाव काढलंत तेव्हा विचारलंही नाही. साहेबांच्या बदलीनंतर लोक म्हणाले, ते दयाळू होते. काही म्हणाले, त्यांना दिसायचं कमी. एका दुपारी, मुलं गेल्यावर, तुम्ही मला थांबवून विचारलंत, "त्या दिवशी तुला काही दिसलं?" मी म्हणाले, "नाही." तुम्ही म्हणालात, "मलाही नाही." त्यानंतरच्या उन्हाळ्यात तुम्ही छातीच्या दुखण्यानं गेलात, त्याच कोठाराच्या पडवीत. ट्रंक घेऊन जायला कोणी आलं नाही.

मास्तर, हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी मी टाकलं नसतं. मी खोटं बोलले नव्हते. मला काही दिसलं नव्हतं. तुमची नजर साहेबांवर होती, म्हणून एक गोष्ट तुम्ही पाहिली नाहीत, तेवढीच सांगायची राहिली. बसताना मी थोडी सरकून बसले, शेजारी जागा ठेवून.